मागची बाजूही दिसू दे
वाचकांचे प्रश्न: मुलांच्या प्रकल्पांची फिरती चित्रं

मुलांनी केलेली वस्तू चकतीवर ठेवायची, थोडी थोडी फिरवत चोहोबाजूंनी फोटो काढायचे आणि ते एकापाठोपाठ एक दाखवायचे. मग वस्तू जागच्या जागी फिरताना दिसते. अशा फिरत्या चित्रांबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

माझ्या सातवीच्या वर्गातली मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करताहेत. वर्गात फोन एकच, तोही माझा. फिरतं चित्र करायला कमीत कमी काय लागतं?
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, कोरेगाव तालुका

फोन एकच पुरतो. त्याखेरीज लागते सहज फिरणारी चकती. ती घडवत बसण्यापेक्षा केक सजवायचं प्लॅस्टिकचं टर्नटेबल आणा. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, शाळकरी मॉडेलचं वजन आरामात पेलतं आणि फिरताना डगमगत नाही. त्यावर 30 सेंटिमीटर व्यासाची सनबोर्डची चकती दुहेरी टेपने चिकटवा.

आता खुणा. 24 फोटो काढायचे, म्हणजे दर फोटोला 15 अंश. हे काम मुलांकडूनच करून घ्या, कारण त्याला कोनमापकसुद्धा लागत नाही. मध्यबिंदूवरून 8 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, कर्कटकात तेच अंतर ठेवून परिघावर कमानी मारत जायचं. बरोबर सहा भाग पडतात, प्रत्येकी 60 अंशांचे. सहावी कमान सुरुवातीच्या बिंदूवर आली नाही, तर कर्कटक सैल आहे असं समजा. प्रत्येक भाग दोनदा दुभागला की 15 अंश झाले. रेषा पट्टीने चकतीच्या काठापर्यंत वाढवा. काठावर दोन खुणांमधलं अंतर साधारण 3.9 सेंटिमीटर येईल. खुणांना 0 ते 23 असे आकडे द्या आणि चकतीखाली टेबलावर एक बाण चिकटवा. प्रत्येक खूण बाणासमोर आणायची, थांबायचं, फोटो काढायचा. फेरी पूर्ण होऊन 0 पुन्हा आला की फोटो काढायचा नाही. तो घेतला तर पहिलं आणि शेवटचं चित्र एकसारखं होतं आणि दर फेरीला वस्तू क्षणभर अडखळते.

मॉडेल ठेवण्याआधी चकतीच्या मध्यावर एक टूथपिक उभी टोचा. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू करा आणि चकती सावकाश पूर्ण फिरवा. टूथपिकचं टोक डावी-उजवीकडे सरकत असेल, तर सनबोर्डची चकती खालच्या टर्नटेबलच्या मध्यावर बसलेली नाही. ती सोडवून पुन्हा चिकटवा. टोक स्थिर राहिलं, की फोन असा सरकवा की टूथपिक पडद्याच्या बरोबर मधोमध येईल. मग ती काढून तिच्या जागी मॉडेलचा मध्य ठेवा. या कामाला पाच मिनिटं लागतात, आणि चित्रात वस्तू झुलते की जागेवर फिरते, हे याच पाच मिनिटांत ठरतं.

फोन मॉडेलपासून एक ते दीड मीटर लांब ठेवा आणि दुप्पट झूम करा. अगदी जवळून काढलं, तर समोर आलेला भाग फुगलेला आणि मागे गेलेला बारीक दिसतो, त्यामुळे फिरताना आकार बदलल्यासारखा वाटतो. स्टँड नसेल तर वाळू भरलेल्या बाटलीला फोन रबरबँडने बांधा. बटण दाबताना तो हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. कित्येक फोनमध्ये वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटण दाबलं तरी फोटो निघतो, तेही चालेल. मागे आणि खाली मिळून एकच मोठी कार्डशीट वळवून लावा, मध्ये घडी पडू देऊ नका.

वर्गात तिघांची जोडणी चांगली चालते: एकाने चकती फिरवायची, एकीने खुणेचा आकडा मोठ्याने म्हणायचा, तिसऱ्याने बटण दाबायचं. आकडा म्हटला नाही, तर एखादी खूण हमखास सुटते.

आमच्या मुलीच्या रोबोटचं चित्र तयार झालं, पण ते लुकलुकतं. मध्येच उजळ, मध्येच काळसर, एक-दोन फोटो पिवळट. फोटो काढताना खोलीत दिवा चालूच होता.
– पालक, शाहूपुरी, सातारा

दिवा एकसारखा होता, पण फोन दर फोटोला नवा हिशेब करतो. रोबोटची पांढरी बाजू समोर आली की फोन उजेड कमी धरतो, काळी बाजू समोर आली की वाढवतो. रंगांचंही तसंच. म्हणून पहिल्या फोटोआधी पडद्यावर वस्तूच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनवर फोकस आणि उजेड दोन्हींना कुलूप लागल्याची खूण दिसते. एचडीआर (उजेड-सावली आपोआप जुळवणारी सोय), फ्लॅश आणि आपोआप सुंदर करणारे सगळे पर्याय बंद करा. काही फोन दर फोटोनंतर हे कुलूप सोडतात. तसं असेल तर प्रो मोड, म्हणजे सगळं हाताने ठरवायची सोय, वापरा: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 किंवा 200, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदांत) 1/50 किंवा 1/100, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) 5000 च्या आसपास ठरवून ठेवलेला. शटरचे हे आकडे उगाच नाहीत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटर याहून वेगवान ठेवलं की काही फोटोंत आडवे काळसर पट्टे येतात.

खिडकीच्या उजेडात काढत असाल, तर श्रावणातली ऊन-सावली टाळा. 24 फोटो होईपर्यंत दोनदा ढग येऊन जातो. पूर्ण ढगाळ दिवस उत्तम. संध्याकाळी दिव्याखाली काढायचं असेल तर एलईडीचे दोन दिवे दोन्ही बाजूंना ठेवा आणि त्यांच्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर लावा. जुना तारेचा बल्ब नको. शेजारी पंप सुरू झाला तरी तो मंद होतो.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. चकती फिरवणारं मूल दर वेळी वेगळ्या जागी उभं राहिलं, तर त्याच्या लाल शर्टाची झाक पांढऱ्या पुठ्ठ्यावर येते. सगळ्यांनी आपापल्या जागा सोडायच्या नाहीत.

मुलांना पूर्ण झालेली, रंगवलेली वस्तूच दाखवायची असते. मागच्या वायरी, गोंदाचे ओघळ लपवायला बघतात. फिरतं चित्र नक्की कधी काढावं? आणि आम्ही शिक्षकांनी त्यात किती हात घालावा?
– शिक्षक, वाई

फिरतं चित्र आहेच मुळी मागच्या बाजूसाठी. समोरून छान दिसायला एक फोटो पुरे असतो. जोड कुठे दिलाय, वायर कुठून आत नेली, कुठला पाय नंतर बदलला, हे फिरवल्याशिवाय दिसत नाही, आणि मुलाची बुद्धी तिथेच लागलेली असते. तेव्हा एकदाच, शेवटी काढू नका. निदान चार वेळा काढा: सांगाडा उभा राहिल्यावर, काहीतरी पहिल्यांदा मोडल्यावर किंवा अडल्यावर, वायरिंग झाल्यावर, आणि पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या वेळचं चित्र सगळ्यांत मोलाचं. मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याआधी चकतीवर ठेवायची हा नियमच करा, कारण दुरुस्तीनंतर मोड कुठे होती हे मुलालाही नीट आठवत नाही.

चारही चित्रं शेजारी ठेवली तर बदल दिसले पाहिजेत. त्यासाठी वस्तू दर वेळी त्याच जागी, त्याच तोंडाने बसायला हवी. पहिल्या वेळी चकतीवर कागद लावून वस्तूच्या तळाभोवती पेन्सिल फिरवा आणि तिचं पुढचं टोक 0 च्या खुणेकडे ठेवा. पुढच्या वेळी वस्तू त्याच रेघेत बसवायची. फोनचं अंतर आणि उंची एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. चकतीच्या बाहेर, न फिरणाऱ्या भागावर, पत्त्याएवढं एक कार्ड उभं करा. त्यावर मुलाच्या हातची तारीख आणि दोन ओळी: आज काय जोडलं, काय अडलं. चित्र फिरत राहतं, कार्ड स्थिर राहतं, त्यामुळे वाचता येतं.

तुमचा हात? चकती मुलांनी फिरवायची, बटण मुलांनी दाबायचं, 0 ची बाजू कुठली हेही त्यांनीच ठरवायचं. फोटोआधी वायरी नीट बांधून देण्याचा मोह मात्र आवरा. लोंबणारी वायर चित्रात दिसली की पुढच्या वेळी ते मूल स्वतः ती बांधतं. तुम्ही बांधून दिलीत तर ही संधी जाते. तुमचं काम एक प्रश्न विचारण्याचं: ‘यातल्या कुठल्या फोटोवर थांबायला हवं?’ मुलाने सांगितलेला फोटो जास्त वेळ दिसेल अशी सोय करता येते. ती कशी, ते कराडच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात आहे.

मी आठवीत आहे. आपोआप फिरणारी चकती करतोय. 28बीवायजे-48 स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर, तिला वीज पुरवणारा यूएलएन2003 ड्रायव्हर आणि तिला हुकूम देणारा आर्डुइनो उनो बोर्ड. मोटर नुसती थरथरते, फिरत नाही. बाबा म्हणतात मोटर बाद आहे. तसंच, मित्राची अशीच चकती फिरते, पण फेरी पूर्ण झाल्यावर खुणेच्या थोडी पुढे थांबते. असं का?
– विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

मोटर टाकून देऊ नकोस. बहुतेक वेळा चूक पिनांच्या क्रमात असते. ड्रायव्हरचे आयएन1 ते आयएन4 तू आर्डुइनोच्या 8, 9, 10, 11 या पिनांना जोडले असशील, ते बरोबर आहे. पण प्रोग्रॅम लिहिताना आर्डुइनोच्या तयार स्टेपर लायब्ररीत क्रम लिहायचा 8, 10, 9, 11 असा, मधले दोन अदलाबदल करून. सरळ क्रमाने लिहिलं, तर गुंडाळ्या चुकीच्या क्रमाने चालू होतात आणि मोटर जागेवर थरथरते. एवढं करूनही थरथरली तर वेग बघ. मिनिटाला 15 फेऱ्यांच्या वर ही मोटर 5 व्होल्टवर दमते. तुझ्या कामाला 4 किंवा 5 भरपूर झाल्या. मोटरला वीज आर्डुइनोच्या 5 व्होल्ट पिनेतून देऊ नकोस. मोबाइलच्या 1 अँपिअरच्या जुन्या चार्जरमधून ड्रायव्हरला वेगळी दे आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोड. ते जोडायचं राहिलं तरी मोटर वेड्यासारखी वागते.

आता मित्राची अडचण. या मोटरच्या एका फेरीचे 2048 टप्पे सगळीकडे लिहिलेले असतात. पण आतल्या दातेरी चाकांचं खरं गुणोत्तर बहुतेक मोटरांत 64 नसून 63.68 च्या जवळ असतं, म्हणून खरी फेरी सुमारे 2038 टप्प्यांची होते. दहा टप्पे जास्त म्हणजे जवळजवळ 1.8 अंश पुढे. एका फेरीत हे थोडंच दिसतं, पण पाच फेऱ्यांनंतर 9 अंश होतात. उपाय सोपा आहे. 32 फोटो काढायचे ठरव. दर फोटोनंतर 64 टप्पे पुढे जायचं, पण प्रत्येक तिसऱ्या वेळी 63. म्हणजे 22 वेळा 64 आणि 10 वेळा 63. बेरीज करून बघ, 2038 येते.

दोन गोष्टी आधीच सांगतो. या मोटरचा दांडा तिच्या गोल अंगाच्या मध्यावर नसतो, 8 मिलिमीटर बाजूला असतो. भोक अंगाच्या मध्यावर धरून पाडलंस तर चकती वेडीवाकडी फिरेल. आधी दांड्याची जागा आखून घे. दुसरं, वस्तूचं वजन दांड्यावर टाकू नकोस, आतली चाकं बारीक आहेत. वजन बेअरिंगवर पडू दे. जुन्या फिजेट स्पिनरमधलं बेअरिंग चालतं: बाहेरून 22 मिलिमीटर, भोक 8 मिलिमीटर. प्रत्येक थांब्यावर एक सेकंद काही न करता जाऊ दे, थरथर बसली की मग फोटो. मोटर कोमट झाली तर घाबरू नकोस. काम झालं की मात्र वीज काढ. आणि मायक्रोवेव्हमधली चकतीची मोटर वापरायचा विचार कधी मनात आला, तर तो सोड. त्यांपैकी पुष्कळ मोटरा थेट घरच्या 230 व्होल्टवर चालतात.

आमचे नातू दिवाळीत अंगणात अजिंक्यताऱ्याचा किल्ला करतात. त्याचं असं चित्र हवंय. किल्ला कसा फिरवणार?
– आजी, मंगळवार पेठ, सातारा

आजी, किल्ला जागेवर राहू दे, फोनच त्याच्याभोवती फिरवायचा. बांधायला सुरुवात करण्याआधी मधोमध खुंटी रोवून दोन मीटर दोरीने रांगोळीचं वर्तुळ आखून घ्या. वर्तुळाची लांबी साधारण साडेबारा मीटर भरते. त्यावर दर 52 सेंटिमीटरला एक खूण केली की 24 जागा होतात. पावलांनी मोजू नका, टेप वापरा. मीटरभर उंचीच्या काठीला फोन बांधा, काठी प्रत्येक खुणेवर उभी करा आणि किल्ल्यावरचा झेंडा दर वेळी पडद्याच्या मधल्या रेषेवर आणा. झेंडा मध्ये धरला की बाकीचं आपोआप जुळतं.

किल्ला भिंतीला टेकून असेल तर अर्धंच वर्तुळ मिळेल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 13 फोटो काढायचे आणि चित्रात ते पुढे जाऊन उलटे परत आणायचे: 1 ते 13, मग 12 ते 2. पुन्हा 24 च चित्रं होतात आणि कुठे तुटल्यासारखं वाटत नाही.

कडक ऊन नको. फोटो काढणाऱ्याची सावली काही फोटोंत किल्ल्यावर पडते. सूर्य वर येण्याआधी सकाळी काढा. आणि रोज जमलं नाही तरी तीनदा काढाच: दगड-विटा रचून गोणपाट टाकल्यावर, मातीचा गिलावा झाल्यावर, आणि अळीव-मोहरी उगवल्यावर. मावळे आधी मांडू नका. ते एका फेरीत इकडे आणि दुसऱ्या फेरीत तिकडे दिसतात.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून मुलाने पाती फिरणारं मॉडेल केलं. चकतीवर फिरवताना पातीही हलतात, चित्र विचित्र दिसतं.
– पालक, पाटण

पाती हाताने फिरवा, मोजून. तीन सारखी पाती असली की दर 120 अंशांनी ती आधीसारखीच दिसतात. म्हणून चकती एक खूण सरकली की पाती 30 अंश पुढे करायची, चार फोटोंत त्यांचं चक्र पूर्ण होतं. 24 ला चारने भाग जातो, त्यामुळे शेवट आणि सुरुवात नीट जुळते. एका वेळी 60 अंशांपेक्षा जास्त सरकवलीत, तर चित्रात पाती उलट्या दिशेने फिरताना दिसतील. एखादं पातं वेगळ्या रंगाचं असेल तर तीन पाती सारखी राहत नाहीत आणि चक्राला 12 फोटो लागतात. 24 ला 12 नेही भाग जातो, तेव्हा तरीही जमतं.

फोटो छान आले, पण फाइल 60 एमबीची झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर जातच नाही.
– पालक, कराड

फोटो फोनच्या पूर्ण आकारात राहिले आहेत. पडद्यावर बघायला 480 पिक्सेल रुंदी पुरते. ‘गिम्प’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. फोटो केबलने उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. तिथे नावं बदलतात आणि क्रम विसकटतो. नावं तुम्ही देणार असाल तर 01, 02 अशी द्या. नुसते 1, 2 लिहिले तर काही ठिकाणी 1 नंतर 10 येतो.

‘फाइल’मधून ‘ओपन ॲज लेयर्स’ करून सगळे फोटो एकदम निवडा; प्रत्येक फोटोचा एक लेयर, म्हणजे थर होतो. आधी आकार कमी करा, मग ‘फिल्टर्स’मधल्या ‘ॲनिमेशन’खाली ‘ऑप्टिमाइझ फॉर जिफ’ चालवा, आणि फाइल जिफ (हलत्या चित्राची फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करताना ‘ॲज ॲनिमेशन’वर टिक करा. प्रत्येक फोटोला 100 मिलिसेकंद ठेवलं तर फेरी 2.4 सेकंदांत होते. आम्हाला तेही घाईचं वाटतं. बारीक वायरी दाखवायच्या असतील तर 150 ठेवा. एखाद्या फोटोवर थांबायचं असेल तर त्या लेयरच्या नावाशेवटी कंसात 1500 लिहून त्याला जोडून इंग्रजीत एमएस लिहा. चित्र तिथे दीड सेकंद थांबतं. एक्स्पोर्ट करताना सगळ्यांना एकच वेळ लावणारा पर्याय मात्र बंद ठेवा.

जिफमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त 256 रंग मावतात. रंगीबेरंगी पडदा मागे असेल तर ते रंग पडद्यावरच खर्च होतात आणि मॉडेलवर ठिपके दिसू लागतात. एकरंगी कार्डशीट लावा, फाइलही लहान होते. व्हॉट्सअ‍ॅपवर जिफ डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आहे तशी जाते. पाठवण्याआधी मागे शाळेचा बिल्ला, घराची पाटी किंवा दुसऱ्या कुणाचं मूल दिसत नाही ना, एवढं पाहून घ्या.

प्रकल्प वही तर कागदाची असते. तिथे फिरतं चित्र कसं लावायचं?
– विद्यार्थिनी, इयत्ता नववी, मिरज

जिफची प्रिंट काढलीस तर पहिला फोटो तेवढा छापला जाईल. त्याऐवजी 24 मधले दर तिसरे फोटो घे: 0, 3, 6, 9, 12, 15, 18 आणि 21 या खुणांवरचे. प्रत्येकात 45 अंशांचं अंतर पडतं. ए4 कागद आडवा धरून चारचारच्या दोन ओळींत लाव, रुंदी प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटर. प्रत्येक फोटोखाली खुणेचा आकडा लिही आणि ज्या बाजूला काही बदल केलास तिथे पेनने बाण काढ. जुन्या टप्प्याचे तेच आठ फोटो समोरच्या पानावर लाव, म्हणजे 12 नंबरची मागची बाजू दोन्ही पानांवर त्याच जागी येईल.